अफूच्या बोंडापासून टिकलीएवढ्या कागदापर्यंत

ग्वाल्हेर हे नाव मराठी वाचकास परके नाही. शिंदे सरकारच्या राजवटीबरोबर तिकडे गेलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहिली आणि लष्कर, मुरार ही नावे आपल्याकडील कित्येक घरांच्या आप्तसंबंधांत आजही येतात. याच शहरात थाटीपूर भागात दर्पण कॉलनी ही निवासी वसाहत आहे. तेथून मुरार जवळच, आणि मुरारच्या माल रोडवर भारत सरकारच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय आहे. अफूच्या शेतीचे परवाने ज्या नार्कोटिक्स आयुक्तांच्या अधिकारात दिले जातात, त्यांचे हे कार्यालय. त्याच्या फाटकावरून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना आत कोणत्या प्रकारचे काम चालते याची कल्पना असेल.

हे कार्यालय ग्वाल्हेरीस कसे आले, हे पाहू गेल्यास अंमली पदार्थांच्या व्यवहाराचा एक मोठा भाग आपोआप उलगडतो. प्रस्तुत लेखाचा हेतू मात्र त्याहून थोडा निराळा आहे. मुंबई-पुण्यात काय किंवा दर्पण कॉलनीसारख्या वसाहतीत काय, शिक्षित घरांतील तरुण मुले हल्ली आईवडिलांना असे सांगताना आढळतात की, सर्वच अंमली पदार्थ सारखे नसतात. काहींनी मन विस्तारते, व्यसन लागत नाही आणि परदेशांत तर त्यांचा औषध म्हणून उपयोग होऊ लागला आहे. आईवडील यावर एकतर संतापतात किंवा गप्प बसतात. या म्हणण्यात तथ्य किती आणि धोका कोठे आहे, याचे स्पष्टीकरण त्यांना कोणी दिलेले नसते. ते येथे देण्याचा प्रयत्न आहे.

माळव्यातील चीक

आज मध्य प्रदेशात असलेले नीमच आणि मंदसौर हे भाग पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात होते. माळव्याची काळी जमीन खसखशीच्या पिकास मानवते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल व बिहारमधील अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. परंतु माळव्यातील अफू मराठी व राजपूत संस्थानांच्या हद्दीत पिके आणि तेथे कंपनीचा हुकूम चालत नसे. त्यामुळे व्यापारी ही अफू मुंबई टाळून, राजपुताना व सिंधमार्गे कराचीस आणि तेथून पोर्तुगिजांच्या दमण बंदरात नेत व तेथून चीनला पाठवीत. कंपनीने प्रथम ही वाहतूक बळाने बंद पाडण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर १८३० च्या सुमारास तिने मार्ग बदलला आणि ठराविक शुल्क भरणाऱ्यास मुंबईमार्गे माल नेण्याचा परवाना देण्यास सुरुवात केली. १८४३ मध्ये सिंध प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला, दमणची वाट आटली आणि परवान्याचे शुल्क लगोलग चढत गेले. चोरट्या व्यापाराची वाट कोठून जाते आणि ती कशाने बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल. मालास मागणी असते, कराचा वा बंदीचा अडथळा असतो, आणि अडथळ्यास वळसा घालणारी एक दूरची पण सुरक्षित वाट असते. आजच्या टपालाच्या पाकिटातून येणाऱ्या मालाचीही रीत हीच आहे.

स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या नोव्हेंबरात, निरनिराळ्या अफू-यंत्रणा केंद्र शासनाने एका छत्राखाली आणल्या. मुख्यालय प्रथम सिमल्यास होते. १९६० मध्ये ते ग्वाल्हेरीस हलविण्यात आले. आज मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तीन राज्यांतील अधिसूचित भागांतच, आणि केवळ परवानाधारक शेतकऱ्यांना, अफूचे पीक घेता येते. परवान्यास तिकडे ‘पट्टा’ म्हणतात व क्षेत्र ‘आरी’त मोजतात, दहा आरी म्हणजे हेक्टराचा दहावा भाग.

हे पीक ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. पांढरी फुले गळून गेल्यावर बोंडे धरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती भरली की दुपारनंतर अणकुचीदार पात्यांच्या अवजाराने बोंडावर उभी चीर देतात. रात्रभर त्यातून पांढरा चीक पाझरतो, हवेने तपकिरी होतो आणि भल्या पहाटे तो खरवडून घेतात. एकेका बोंडास तीन-चार वेळा चीर बसते. चीर देण्यापूर्वी कित्येक शेतकरी कालिकामातेची पूजा करतात. पोपटांना बोंडांची चटक लागते म्हणून शेतावर जाळी पसरावी लागते, हेही तिकडचे नित्याचे दृश्य. रोजचा चीक गावच्या लंबरदारासमोर तोलून नोंदविला जातो, आणि हंगामाअखेर सर्व माल शासनाच्या तोलकेंद्रावर जमा करावा लागतो. तेथून तो नीमच किंवा गाझीपूरच्या शासकीय कारखान्यात जातो. त्यापासून मॉर्फीन, कोडीन ही औषधे होतात. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील वेदना शमविणारे मॉर्फीन याच चिकातून आलेले असते, हे विसरून चालणार नाही.

लंबरदाराच्या वहीत शेर आणि प्रत्यक्षात सव्वाशेर, अशी तफावत पडली की काळा बाजार सुरू होतो. शासनाचा दर आणि चोरट्या बाजाराचा दर यांत मोठे अंतर असल्यामुळे मोह सतत उभा असतो. म्हणून किमान उत्पादनाची वा मॉर्फीनच्या प्रमाणाची अट घातली जाते, आणि ती पूर्ण न करणाऱ्याचा पट्टा पुढील वर्षी जातो. परवानाधारकाने चीक परस्पर विकल्यास कायद्यात किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. चीक न काढता उभी बोंडेच शासनाने घ्यावयाची, अशीही एक पद्धत २०२०-२१ पासून सुरू झाली आहे. ती चोरीस आळा घालणारी असल्याने तिचे स्वागत केले पाहिजे.

बाजरीवरील अरगट आणि बासेलची सायकल

अफू मन झोपवते. याच्या उलट जातीचा एक वर्ग आहे, ज्यास इंग्रजीत सायकेडेलिक म्हणतात. मराठीत ‘भ्रमजनक’ हा शब्द रूढ आहे, तो अगदीच अपुरा असला तरी चालवून घेऊ. या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे एल.एस.डी.

त्याचे मूळ आपल्या शेतकऱ्यास ओळखीच्या असलेल्या एका रोगाशी जोडलेले आहे. बाजरीच्या कणसावर अरगट पडतो, प्रथम मधासारखा चिकट स्राव व मागाहून काळसर बुरशीच्या गाठी. पेरणीपूर्वी बियाणे वीस टक्के मिठाच्या द्रावणात बुडवून वर तरंगणारे दाणे काढून टाकावेत, ही आपल्या कृषी खात्याची जुनी शिफारस याच रोगासाठी आहे. अरगट मिसळलेली बाजरी खाल्ल्याने मळमळ, वांत्या, भोवळ व गुंगी येते; १९७५ मध्ये राजस्थानात अशा विषबाधेची मोठी साथ येऊन गेली. युरोपात राय या धान्यावर अरगटाचीच एक बहीण-जात पडते. तिच्यातील क्षाराभ द्रव्ये बाजरीच्या अरगटाहून वेगळी व अधिक तीव्र असतात. मध्ययुगात तिच्यामुळे माणसांचे हातपाय झडत, झटके येत. आणि सुइणी तीच बुरशी प्रसूतीसाठी वापरीत.

स्वित्झर्लंडमधील बासेल येथील सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन हे रसायनशास्त्रज्ञ या द्रव्यांवर काम करीत होते. १९३८ मध्ये त्यांनी लायसर्जिक आम्लापासून एक संयुग बनविले. प्राण्यांवर विशेष गुण न आढळल्याने ते बाजूस पडले. पाच वर्षांनी त्यांनी ते पुन्हा तयार केले. १६ एप्रिल १९४३ रोजी काम करताना त्याचा अंश नकळत त्यांच्या शरीरात गेला व त्यांना विचित्र स्वप्नवत्‌ अवस्था प्राप्त झाली. शंकानिरसनासाठी १९ एप्रिल रोजी त्यांनी जाणूनबुजून पाव मिलिग्रॅम घेतले. त्या काळी हे प्रमाण अत्यल्प वाटावे असेच होते. प्रत्यक्षात ते भरपूर ठरले. युद्धामुळे मोटार मिळेना, म्हणून साहाय्यकासह ते सायकलवरून घरी निघाले. आपण जागचे हललोच नाही असे त्यांना वाटत होते. साहाय्यकाने मागाहून सांगितले की सायकल चांगलीच वेगात होती. घरी पोहोचल्यावर सामानसुमान भयंकर आकार धारण करू लागले, दूध घेऊन आलेली शेजारीण चेटकीण भासली, आणि आपण वेडे झालो अथवा मेलो अशी त्यांची खात्री पटली. डॉक्टरांना विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काहीच आढळले नाही. हळूहळू भीती ओसरली, मिटल्या डोळ्यांपुढे रंगांची कारंजी दिसू लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत सृष्टी नुकतीच निर्माण झाल्यासारखी वाटली.

या एका वृत्तांतात पुढच्या सर्व अनुभवकथनांचे बीज आहे. भीती आणि आनंद हे दोन्ही एकाच दिवसात, एकाच माणसाला, एकाच मात्रेतून आले. वाचणारे मात्र आपल्या सोयीप्रमाणे एकच अर्धा भाग उचलतात. स्वतः हॉफमन यांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात या पदार्थास आपले ‘चिंतेचे अपत्य’ म्हटले, हे पुरेसे बोलके आहे. ते १०२ वर्षे जगले व २००८ मध्ये निवर्तले, त्यामुळे ‘एल.एस.डी.ने आयुष्य वाढते’ असे म्हणणारेही निघाले. तो विनोद समजावा.

पुढे सँडोझने हा पदार्थ मनोविकारतज्ज्ञांना पुरविला. १९५४ मध्ये आल्डस हक्सले यांनी मेस्कलिन या सजातीय पदार्थाच्या स्वानुभवावर पुस्तक लिहिले. हार्वर्डमधील रिचर्ड अल्पर्ट यांना १९६३ मध्ये या प्रयोगांपायी विद्यापीठ सोडावे लागले. १९६७ मध्ये ते भारतात आले, नीम करोली बाबांचे शिष्य झाले आणि राम दास या नावाने ओळखले जाऊ लागले. हा मार्ग सोडून भक्तीचा मार्ग का धरला, हे त्यांनी स्वतःच विस्ताराने सांगितले आहे. आपल्याकडे त्यांच्या मागून आलेल्यांनी मात्र पहिलाच भाग अधिक आवडीने वाचला.

हणजूण ते टपालपेटी

१९६० नंतरच्या दशकात पश्चिमेकडील तरुणांचे तांडे इस्तंबूल, काबूल, काठमांडू करीत गोव्यास येऊन थडकू लागले. हणजूणचा किनारा त्यांचा मुक्काम झाला. त्या काळी आपल्याकडे गांजा-भांगेवर अबकारी कर होता, सरसकट बंदी नव्हती. नेपाळने तर १९७३ मध्येच गांजाची परवानाधारक दुकाने बंद केली. या पाहुण्यांबरोबर एल.एस.डी. आले, चांदण्या रात्रींच्या मेजवान्या आल्या आणि त्यांस पुरवठा करणारी एक स्थानिक साखळीही उभी राहिली. पाहुणे निघून गेले, साखळी राहिली. मच्छीमार व रेंदेर यांच्या मुलांवर त्याचे काय परिणाम झाले, याचे अनुभवकथन इंग्रजीत फारसे आढळत नाही. ज्यांना लिहिता येते व ज्यांचे परतीचे तिकीट काढलेले असते, तेच आपले अनुभव लिहितात.

आता एल.एस.डी. टपालतिकिटाहूनही लहान अशा चित्रित शोषकागदाच्या तुकड्यावर येते. व्यवहार आंतरजालाच्या छुप्या कप्प्यात, मोबदला कूटचलनात, आणि माल साध्या टपालाने किंवा कुरियरने. जून २०२३ मध्ये नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोने देशभर पसरलेल्या अशाच एका जाळ्याकडून सुमारे पंधरा हजार तुकडे पकडले. या धंद्यात विकणारा व घेणारा एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. चाळीच्या बोळातला पुडीवाला निदान ओळखीचा असे. येथे तीही जबाबदारी उरलेली नाही. परिणामी कागदावर एल.एस.डी.च आहे याची शाश्वती नसते. गेल्या दीड दशकात त्याऐवजी इतर कृत्रिम भ्रमजनके लावलेले कागद जगभर आढळले आहेत, आणि त्यांपैकी काहींनी माणसे दगावली आहेत.

तर मुलांच्या म्हणण्यात तथ्य किती? एल.एस.डी.ने अफूसारखे शारीरिक परावलंबन निर्माण होत नाही, हे खरे आहे. मेंदूतील सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकावर ते काम करते आणि परिणाम आठ ते बारा तास टिकतो. लागोपाठ घेतल्यास दोन-तीन दिवसांतच गुण येईनासा होतो, त्यामुळे रोजची तलफ बसत नाही. सजातीय सिलोसायबिनवर जॉन्स हॉपकिन्स व अन्य विद्यापीठांत नैराश्यासंबंधी गंभीर संशोधन चालू आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठराविक मनोविकारतज्ज्ञांना ते देण्याची मुभा दिली आहे. हेही खरे आहे. मात्र तेथे रुग्ण आधी पारखून घेतात, कुटुंबात छिन्नमनस्कतेचा इतिहास असल्यास त्यास वगळतात, शुद्ध द्रव्य मोजून देतात आणि पूर्ण वेळ प्रशिक्षित माणसे शेजारी बसतात. वसतिगृहाच्या गच्चीवर यांपैकी एकही गोष्ट नसते. सुप्त मनोविकार असलेल्या तरुणास एकच मात्रा दीर्घ आजारात लोटू शकते, आणि आपल्यात तो सुप्त आहे की नाही हे विशी-बाविशीत कोणालाच ठाऊक नसते.

असा प्रसंग घरात उद्भवल्यास काय करावे, हे सांगणे प्रवचनापेक्षा उपयोगाचे आहे. मुलास शांत, मंद उजेडाच्या खोलीत बसवावे. ओळखीचे एकच माणूस जवळ ठेवावे. वाद घालू नये, रागावू नये. हा पदार्थाचा परिणाम आहे व तो काही तासांत ओसरेल, हे पुनःपुन्हा सांगावे. गच्ची, खिडकी, रस्ता यांपासून दूर ठेवावे. ताप चढणे, झटके येणे, छातीत दुखणे किंवा आवरता न येणारा आवेग, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना खरे ते सांगावे. बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात मौल्यवान वेळ गेल्याची उदाहरणे आजही घडतात.

गर्द

अफूच्या वर्गाकडे पुन्हा वळणे भाग आहे, कारण खरी जीवितहानी तेथे आहे. आपल्या समाजात अफू अगदी पाळण्यापर्यंत पोहोचलेली होती. गिरणीत जाणाऱ्या बाया मूल झोपून राहावे म्हणून त्यास बाळागोळी चाटवीत, ही मुंबईची जुनी हकीकत आहे. परंतु १९८० नंतरच्या काळात जे आले ते निराळे होते. अशुद्ध हेरॉइन, ज्यास बाहेर ब्राउन शुगर व मराठीत ‘गर्द’ म्हणू लागले, पुडीतून विकले जाई आणि चांदीच्या कागदावर ठेवून खालून काडी लावून त्याचा धूर ओढला जाई. काही आठवड्यांतच शरीर त्याचे गुलाम होई. ते न मिळाल्यास हाडे मोडल्यासारखी दुखतात, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात. व्यसनी मंडळी त्यास ‘टर्की’ म्हणतात.

अनिल अवचट यांनी त्या वेळी व्यसनी मुलांत मिसळून त्यांचे अनुभव ऐकले व लिहिले. ‘गर्द’ हे त्यांचे पुस्तक त्यातूनच झाले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मराठीतील अंमली पदार्थांच्या अनुभवकथनाची खरी परंपरा ही आहे. तीत रंगांची कारंजी नाहीत. आईचे मंगळसूत्र विकल्याची, स्टेशनावर झोपल्याची आणि पुन्हा घरचा उंबरा ओलांडताना पाय थरथरल्याची वर्णने आहेत. उपचार घेऊन परत आलेल्या मुलाने ‘एकदाच’ म्हणून पूर्वीचीच मात्रा घेतली, तर श्वास बंद पडून मृत्यू येण्याचा धोका सर्वांत अधिक असतो, कारण शरीराची सोसण्याची ताकद मध्यंतरी गेलेली असते. हे घरच्यांना माहीत असणे आवश्यक आहे. बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या व श्वास मंदावला, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. नॅलोक्झोन हे उतारा-औषध तेथे मिळू शकते.

त्यापुढची पिढी कारखान्यांची. मेथाक्वालोन हे द्रव्य १९५१ मध्ये हिवतापावरील औषधाच्या शोधात भारतातच प्रथम तयार झाले. पुढे ‘मँड्रेक्स’ म्हणून त्याच्या गोळ्यांची दक्षिण आफ्रिकेकडे चोरटी निर्यात होऊ लागली. २०१६ मध्ये उदयपूर येथे अशा साडेतेवीस टन गोळ्या सापडल्या. आता मेफेड्रोनची, म्हणजे ‘एम.डी.’ची, पाळी आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ येथे आणि ऑक्टोबरात भोपाळजवळील बगरोदा येथे औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांवर छापे पडले. खसखशीच्या शेतास जमीन, पाणी, हंगाम व लंबरदार लागतो. एम.डी.ला एक भाड्याची शेड आणि रसायनांची पिंपे पुरतात.

कायद्याचा काटा

गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. शिक्षेची तीव्रता मुख्यतः वजनावर ठरते. अल्प प्रमाण आणि व्यापारी प्रमाण यांच्या मर्यादा २००१ मध्ये अधिसूचित झाल्या. गांजासाठी त्या एक किलो व वीस किलो आहेत, चरससाठी शंभर ग्रॅम व एक किलो, हेरॉइनसाठी पाच ग्रॅम व अडीचशे ग्रॅम. एल.एस.डी.साठी त्या ०.००२ ग्रॅम व ०.१ ग्रॅम आहेत. व्यापारी प्रमाणास किमान दहा वर्षे कारावास व किमान एक लाख रुपये दंड असून जामीन मिळणे अत्यंत कठीण असते.

येथे एक बारकावा आहे, जो मुलांना ठाऊक नसतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणी असे ठरविले की, मिश्रणात केवळ शुद्ध द्रव्याचे नव्हे, तर त्यातील निरुपद्रवी पदार्थांसह एकूण वजन धरावयाचे. एल.एस.डी.च्या बाबतीत मग कागदाचे वजन धरावे की नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयापुढेही खल झाला असून कागद धरावा असा निष्कर्ष निघालेला आहे. शुद्ध द्रव्य मोजल्यास ०.१ ग्रॅमात हजाराच्या आसपास मात्रा बसतात. कागद मोजल्यास मूठभर तुकडेही ती मर्यादा ओलांडू शकतात. मित्रांसाठी म्हणून टपालाने मागविलेले एक पाकीट विद्यार्थ्यास व्यापाऱ्याच्या रांगेत बसवते, ते असे.

याच अधिनियमातील कलम ६४ अ आईवडिलांनी आवर्जून जाणून घ्यावे. सेवनाबद्दल अथवा अल्प प्रमाणाबद्दल आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेण्यास पुढे आली, तर तिच्यावरील खटल्यापासून तिला संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. पोलिसांच्या भीतीने मुलाचे व्यसन महिनोन्‌महिने दडवून ठेवणाऱ्या घरांसाठी हे कलम आहे, आणि त्याचा उपयोग दुर्दैवाने फारच कमी होतो. व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शन केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर मिळते. मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. चोरट्या विक्रीची माहिती नाव गुप्त ठेवून १९३३ या क्रमांकावर देता येते.